अंगतपंगत

रविवारी अकरा वाजता तालीम,
म्हणजे साडेअकरा.
आधी जो तो बूट काढतो, बर्फ झटकतो
आणि आपापलं भांडं हीटरवर ठेवतो.
नाटक सुरू व्हायच्या आधी वास सुरू होतो.

सूर्य नोव्हेंबरपासून डोंगरामागेच आहे.
स्टाइनवोर आमची दिग्दर्शक.
एरवी पोहण्याच्या तलावावर टॉवेल देते,
त्यामुळे गावात कोण किती पाण्यात आहे
हे तिला बरोबर ठाऊक.

मी प्रॉम्प्टर.
अडतीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांचे शब्द पोचवले,
आताही तेच करते, फक्त तिकीट लागत नाही.
विंगेत स्टूल, मांडीवर वही,
वहीवर गेल्या वर्षीच्या सुपाचा डाग.

होस्कुल्दुर नावाडी.
केतिल उतारू,
सहा पेट्या घेऊन आलेला आणि खिशात नाणं नसलेला.
तुम्ही आमच्या फ्योर्डचे नाही म्हणून सांगते,
हे दोघं चौदा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.
कुंपण दीड हात सरकलं.
कुणी सरकवलं, की बर्फानंच,
आणि केतिलचा मेंढा पलीकडच्या खड्ड्यात मेला.
एवढंच.
बांधाची भांडणं खडकातही रुजतात,
बटाटे रुजत नाहीत तिथे.

स्टाइनवोरनं मुद्दामच ही कामं दिली
असं सगळे म्हणतात.
ती म्हणते, होस्कुल्दुरची दाढी नावाड्याची आहे, बस्.

आणि रंगमंचावर काय बोलतात दोघं!
"नाव जड झालीय, काहीतरी खाली ठेव."
"काय ठेवू? सगळं माझंच आहे."
खांद्यावर हात, पोट धरून हसणं,
एकमेकांच्या तोंडाकडे बघणं.
टाळी वाजली की हात खाली.
मग एक कॉफीकडे, एक खिडकीकडे,
खिडकीबाहेर तर काहीच दिसत नसतं.

जेवायला आम्ही चार टेबलं जोडतो.
एक लंगडं, त्याखाली जुन्या नाटकाची जाहिरात.
माशाचं कालवण, धुरावलेलं मटण,
गरम झऱ्याकाठी पुरून शिजवलेला काळा पाव,
मासळी कारखान्यातल्या मिरोस्लावाचे
करंजीच्या आकाराचे पिएरोगी,
ते नेहमी आधी संपतात आणि आजवर कुणी तिला कृती विचारली नाही,
कारण विचारली तर ती आणायची थांबेल, अशी भीती.
होस्कुल्दुर या टोकाला, केतिल त्या टोकाला,
मध्ये आम्ही सतरा जण आणि मिठाची बरणी.

त्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या.
बाल्डविननं त्याच्या नव्या मैत्रिणीला आणलं होतं,
तिला यातलं काही माहीत नव्हतं.
ती सरळ कडेच्या खुर्चीत बसली,
आणि केतिल ताट घेऊन उभाच राहिला.
ताटात डोंगर. जागा एकच.

होस्कुल्दुर सुपाकडे बघत म्हणाला,
"नाव जड झालीय, काहीतरी खाली ठेव."

केतिलच्या तोंडून आपोआप आलं,
"काय ठेवू? सगळं माझंच आहे."

आम्ही हसलो. वाक्यं बरोबर होती,
बोट सवयीनं वहीत त्या ओळीवर गेलंच माझं.
पुढची ओळ नावाड्याची. मी वाट पाहिली.
पण केतिलच बोलला.
खाली बसला, पाव मोडला,
"अर्धा घे. कडक झालाय, पण घे."

मी पान मागे उलटलं, पुढे उलटलं.
असं वाक्य कुठेच नाही.
माझं काम चूक दाखवायचं.
मी मटण चावत राहिले.

होस्कुल्दुरनं पाव घेतला. सुपात बुडवला.
"कडकच आहे," म्हणाला.

जेवणानंतर दुसरा प्रवेश साफ पडला.
नावाडी अडखळला, उतारू पेट्या विसरला,
खांद्यावर हात कसा ठेवायचा
हेच दोघांना कळेना.
अकरा वेळा मला विंगेतून ओरडावं लागलं.
स्टाइनवोरनं कपाळाला हात लावला,
प्रयोगाला बारा दिवस उरले होते.

मिरोस्लावा मात्र आत भांडी विसळत होती
आणि कढईला चिकटलेला एक पिएरोगी
खरवडून तिनं मला आणून दिला.